बन्सीधररावांच्या जीपचं अ‍ॅव्हरेज

सेलूत माणसाने म्हैस घेतली काय किंवा गाडी घेतली काय, लोक प्रश्न एकच विचारतात. "किती देते?" रंग कोणता, घेतली कुणाकडून, कागदपत्रं नीट आहेत का, हे सगळं नंतर. आधी किती देते ते सांगा, मग बसा, मग चहा. बन्सीधररावांनी जुनी जीप घेतली तेव्हा त्यांनाही हेच विचारलं गेलं आणि ते म्हणाले, "बघू." वर्ष उलटलं तरी ते बघतच होते.

दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर खपून गेलं असतं. पण बन्सीधरराव म्हणजे कापसाच्या बाजारातल्या वजनकाट्यावरचे बन्सीधरराव. भरलेली गाडी काट्यावर चढली की यंत्राच्या आधी ते आकडा सांगायचे. एखाद्याने वजन वाढवायला काट्याच्या कडेला हळूच पाय टेकवला, तर तो पाय त्यांना खिडकीतून न बघता कळायचा. "पाय घ्या," एवढंच म्हणायचे आणि पाय निघायचा. जन्मभर इमानाने दुसऱ्यांची मापं काढणाऱ्या या माणसाला स्वतःची गाडी लिटरला किती जाते ते सांगता येत नव्हतं. ही गोष्ट त्यांना लागायची. जेवताना जास्त लागायची.

जीप सरकारी लिलावातली होती. चारी चाकांना जोर लावता येईल अशी, जुन्या बांधणीची, पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी मागे फिरते तिथून ही पुढे जायची. दोष म्हणाल तर दोनच. किलोमीटर मोजायचा काटा सरकारी नोकरीत असतानाच बंद पडला होता. आणि डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर उभा असायचा. टाकी भरली तरी अर्धी, आटली तरी अर्धी. त्या काट्याइतकं समाधानी उभ्या तालुक्यात कुणी नव्हतं.

बाकीचे दोष त्यांच्या पत्नीला, राजेश्रीबाईंना दिसायचे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. जीपमध्ये चढायचं तर त्यांना घरातून पाट आणून खाली ठेवावा लागे, आणि चढल्यावर तो पाट आत घ्यायचा कुणी यावरून दर वेळी थोडं बोलणं व्हायचं. जीप सुरू झाली की बोलणं आपोआप थांबे, कारण काही ऐकूच यायचं नाही. शेवटी एकदा आमरसाची वाटी पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "वालूरचा नागेश आला होता. जीप मागतोय."

नागेशचा मांडव आणि बँडचा धंदा होता. बन्सीधररावांचा हात वाटीतच थांबला. "त्याला कशाला पाहिजे?"

"टप कापून काढणार म्हणे. मागे सिंहासन बसवणार, चारी बाजूंनी लायटिंग. नवरदेवाची गाडी करणार."

ज्या जीपने चिखलातून भल्याभल्या ट्रॅक्टरना ओढून काढलं, तिचा टप कापायचा. तिच्यावर फेटा बांधलेला कुणीतरी बसवून गल्लीबोळातून नाचवायची. बन्सीधररावांनी वाटी बाजूला सारली. राजेश्रीबाईंना हे दिसलं आणि त्या जरा नरमल्या, पण जराच. "मी काही वैरीण नाही तुमची. ही गाडी डिझेल पिते का ओतते तेच कळत नाही. लिटरला बारा देत असेल तर राहू द्या. धोंड्याचा महिना संपायच्या आत दाखवा मला. नाहीतर नागेशला फोन करते."

बारा. बन्सीधररावांना हा आकडा अगदी वाजवी वाटला, कारण आपली गाडी किती देते याची त्यांना काहीच कल्पना नव्हती.

मोजायची रीत सोपी असते असं लोक म्हणतात. टाकी तोंडापर्यंत भरायची, ठरलेलं अंतर जायचं, परत तोंडापर्यंत भरायची, जितकं मावलं तितकं लागलं. पण अंतर ठरलेलं पाहिजे ना. सेलू-वालूर रस्त्यावरचे दगड रुंदीकरणात उपटून टाकले होते. तेव्हा बन्सीधरराव रस्त्यांचं काम बघणाऱ्या कचेरीत गेले आणि सेलूपासून वालूर नक्की किती, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. साहेबांनी मान वर केली. "कोणत्या कामासाठी पाहिजे?"

"गाडीचं अ‍ॅव्हरेज काढायचंय."

"खाजगी कामासाठी अंतर देता येत नाही. अन् सध्या काम चालू आहे. काम पूर्ण झालं की अंतर नक्की होईल."

"पण वालूर काही सरकलेलं नाही," बन्सीधरराव म्हणाले.

"वालूर नाही सरकलं. रस्ता सरकला आहे. तुम्ही अर्ज द्या." त्यांनी अर्ज दिला. त्यावर शेरा पडला की अर्जदाराने कोणत्या टोकापासून कोणत्या टोकापर्यंत ते स्पष्ट करावं. त्यांनी स्पष्ट केलं. मग साहेब रजेवर गेले. हे सगळं घरी सांगितल्यावर राजेश्रीबाईंनी वह्या तपासता तपासता फोन उचलला, बोटाने दोनदा टिचकी मारली आणि अंतर सांगितलं. एवढ्या मोठ्या कचेरीला जे जमलं नाही ते बायकोच्या फोनला जमावं याचा बन्सीधररावांना आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

यात शेजारचे दिनकरराव उतरले. ते पाटबंधाऱ्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ल्याशिवाय त्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं. त्यांनी जीपभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली. "बन्सीधरराव, गाडीला ओझं झालंय. आपण पोट सुटल्यावर जिना चढतो तेव्हा कसं होतं, तसं हिचं होतंय. उतरवा ओझं." मागची बाकं निघाली. जॅक निघाला. मागे लटकवलेलं जादा चाक निघालं. अंगणात एवढं सामान पडलं की घरावर जप्ती आली की काय, असं विचारायला दोन बायका येऊन गेल्या.

हलकी झालेली जीप घेऊन बन्सीधरराव वालूरच्या रस्त्याला लागले. आपल्याकडे रिकामी गाडी चालवणं किती अवघड असतं ते त्या दिवशी त्यांना समजलं. रस्त्यावर ओळखीचा माणूस हात करतो. थांबलं नाही तर तो काय म्हणेल? आणि थांबलं तर तो एकटा नसतो. झाडामागून त्याची बायको निघते, बायकोमागून पेंडीची दोन पोती निघतात, आणि एका ठिकाणी तर एक मेंढपाळ बाबा दोन मेंढ्या बाजारातून परत घेऊन उभा होता. "माप काढायलोय," बन्सीधररावांनी सांगून बघितलं. "काढा की, आमी कुठं नगं म्हणायलाव," म्हणून बाबाने मेंढ्या आत लोटल्या. बाकं नव्हतीच, त्यामुळे मेंढ्यांची सोय उत्तम झाली. ओझं उतरवलेली जीप पहिल्यापेक्षा जड होऊन चालू लागली आणि वालूर दिसायला लागल्यावर मागचं चाक पंक्चर झालं.

जादा चाक अंगणात होतं. जॅकही अंगणात होता. माणसं उतरून चालू लागली, मेंढ्याही गेल्या, आणि बन्सीधरराव उन्हात एकटे उरले. तेवढ्यात समोरून टेम्पो आला. टेम्पोत नागेशचं बँडपथक होतं आणि पुढे खुद्द नागेश. तो खाली उतरला, जीपच्या टपावर आपुलकीने हात फिरवला, इथून कापायचा का तिथून, असं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, दोर बांधू का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. पंक्चरचं दुकान सेलूच्या पलीकडच्या वेशीपाशी होतं. टेम्पोने जीप हळूहळू ओढत आणली. बँडवाल्यांना सरावाला वेळ मिळाला होता, त्यांनी तो वाया घालवला नाही. सेलूच्या मुख्य रस्त्याने पुढे वाजंत्री आणि मागे दोराला बांधलेल्या जीपमध्ये ताठ बसलेले बन्सीधरराव अशी वरात गेली. नागेशने पुढून ओरडून सांगितलं की गाडी वरातीला कशी शोभते ते आता सगळ्यांनी पाहिलं. बन्सीधररावांनी समोरच्या काचेतून थेट पुढे बघायचं धोरण ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जीप महारुद्र मिस्त्रीकडे नेली. महारुद्र जीपखाली सरकला, बराच वेळ तिथंच पडून राहिला. बन्सीधररावांना वाटलं, गार वाटतंय म्हणून झोपला. मग खालून आवाज आला. "भाऊ, तुमी ही गाडी चारी चाकावर चालवायलाव का रोज?"

"नाही. चिखलातच लावतो तो दांडा."

"दांडा तुमी काढायलाव, पर आतून निघायला तर पाहिजे ना त्यो. पुढची चाकं बी जोर लावायलीत. डांबरी सडकंवर बी." महारुद्रने दिवसभर खटपट करून ते सोडवलं. वर फिल्टर झाडलं, टायरमध्ये हवा मारली आणि हात पुसत म्हणाला, "आता बगा कशी पळती."

दिनकररावांना हे पुरेसं वाटलं नाही. पाटबंधाऱ्याची जीप म्हणे डांबराच्या गोळ्यांवर चालायची. चार गोळ्या टाकीत टाकल्या की डिझेलला जोर येतो. बन्सीधररावांचा विश्वास नव्हता, पण माणूस अडचणीत असला की गोळ्याच काय, अंगाराही टाकतो. त्यांनी गोळ्या टाकल्या. तेव्हापासून जीप ज्या गल्लीतून जाई तिथल्या बायकांना कपाटातल्या ठेवणीतल्या साड्यांची आठवण होई.

इतक्यात पोखर्णीहून धोंड्याचं बोलावणं आलं. पोखर्णी ही बन्सीधररावांची सासुरवाडी. सासरे रंगनाथराव, सासूबाई चतुराबाई. नृसिंहाच्या देवळापासून जवळच घर, मागे शेत. अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि त्यात जावई म्हणजे साक्षात देव, त्यामुळे या बोलावण्याला नाही म्हणता येत नाही. आणि सेलू ते पोखर्णी हे अंतर राजेश्रीबाईंच्या फोनप्रमाणे चांगलं लांब होतं, मापाला अगदी सोयीचं. बन्सीधररावांनी पंपावर टाकी अशी काठोकाठ भरून घेतली की पंपावरच्या पोराने शेवटी नळी काढून हात जोडले. रस्त्यात कुणी हात केला की बन्सीधरराव पुढच्या काचेकडे बघत राहायचे. राजेश्रीबाईच शरमून लोकांना हात जोडत होत्या.

पोखर्णीला थाट होता. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात दिवा, तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे आणि त्यावर तुपाची धार. ती धार चतुराबाई वाढायच्या आणि जावयाने हात आडवा धरायच्या आतच वाढायच्या. जेवण झाल्यावर बन्सीधररावांना लिंबाच्या सावलीतल्या बाजेपर्यंत जाता आलं, हेच पुष्कळ झालं. उन्हं कलल्यावर त्यांना जाग आली, चहा झाला, निरोप झाले, आणि सेलूला परतून राजेश्रीबाईंना दारात उतरवल्यावर ते थेट पंपावर गेले. तोच पंप, तोच पोरगा, तीच नळी. टाकी भरायला लागली आणि बघता बघता भरली. पोराने नळी हलवून बघितली. बन्सीधररावांनी खाली वाकून टाकीला कान लावला. मग दोघांनी मिळून हिशेब केला. अठरा.

"काका, परत भागा," पोरगा म्हणाला. त्यांनी परत भागलं. अठराच.

लिटरला अठरा! बन्सीधरराव पंपावरून घरी आले ते वेगळेच बन्सीधरराव होते. राजेश्रीबाईंनी आकडा ऐकला, एक क्षण नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शब्द म्हणजे शब्द. राहू द्या गाडी." गोष्ट खरं म्हणजे इथंच संपायला पाहिजे होती. पण अठरा देणारी जुनी जीप दारात असताना माणूस गप्प बसत नाही. सकाळी दिनकररावांच्या ओट्यावर ही बातमी फुटली, दुपारपर्यंत बाजारात पोचली. दिनकरराव म्हणाले, गोळ्या. महारुद्र म्हणाला, माझा दांडा. दोघांचं यावरून बोलणं बंद झालं. लोक चार कोसांवरून जीप बघायला येऊ लागले. टाकीचं झाकण उघडून वास घेऊ लागले. काट्यावर कापसाची गाडी चढली तरी ड्रायव्हर आधी अठराचं विचारायचा. बन्सीधरराव खुर्चीत मागे रेलून सांगायचे की मूळ गोष्ट हाताची असते, पाय हलका पाहिजे, गाडीशी मन जुळलं पाहिजे. दर दिवशी त्यात एखाद्या नव्या वाक्याची भर पडायची.

नागेशही आला. ओटा भरलेला होता. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाला, "काका, अठरा म्हणजे लय झालं. माझा टेम्पो देत न्हाई तेवढं. मला बघायचंय डोळ्यानं."

"बघा की," बन्सीधरराव म्हणाले.

"त्याच रस्त्यानं. मी संगं बसतो, दिनकररावकाका पंच. अठरा दिलं तर मी परत गाडीचं नाव काढत न्हाई. न्हाई दिलं तर गाडी माझी, मी म्हणलेल्या किमतीला."

घरात राजेश्रीबाई शब्द देऊन मोकळ्या झाल्या होत्या. गाडी वाचलेली होती. पण ओट्यावरचे सगळे बन्सीधररावांच्या तोंडाकडे बघत होते, आणि काट्यावरच्या माणसाने आपल्या आकड्याला घाबरायचं म्हणजे झालंच. "ठरलं," ते म्हणाले. ही बातमी कळल्यावर राजेश्रीबाईंनी कपाळाला हात लावला आणि पोखर्णीला फोन करून सांगितलं की आणखी दोन पाहुणे आहेत, पुरण जास्त घाला.

अशी ही मंडळी पुन्हा पोखर्णीला पोचली. टाकी पंपावर सगळ्यांदेखत काठोकाठ भरली होती. येताना जीप छान चालली. दिनकररावांनी दर उताराला "न्यूट्रल" म्हणून सूचना केली आणि नागेश परत बसवलेल्या मागच्या बाकावर बसून टप मोजत आला. चतुराबाईंनी पाहुण्यांनाही सोडलं नाही. दिनकररावांनी सातवा धोंडा मोडला तेव्हाच त्यांच्या पंचगिरीचा शेवट झाला. थोड्या वेळात लिंबाखाली दोन बाजांवर पंच आणि नागेश दोघं घोरत पडले.

बन्सीधररावांना मात्र झोप येईना. एकदा टायरची हवा बघावी म्हणून ते घराच्या बाजूला गेले. तिथं जीपपाशी रंगनाथराव वाकून उभे होते. ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन हातात, टाकीत नरसाळं, आणि डिझेल गुळगुळ आत चाललेलं.

बन्सीधररावांना आधी काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. "मामा," ते कसंबसं म्हणाले, "मागच्या वेळीबी टाकलं होतं?"

रंगनाथरावांनी दचकून वर पाहिलं. "तुमी कशाला आले इकडं? झोपा जाऊन."

"टाकलं होतं का?"

"मंग काय. जावयाला तुपात जेवू घालायचं आन् त्याच्या गाडीला उपाशी धाडायचं व्हय? काठापर्यंत भरली हुती." त्यांनी आवाज उतरवला. "अधिकातलं गुप्तदान हाय हे, जावईबापू. कुणाला सांगायचं नसतं. तुमच्या सासूला बी माहीत न्हाई. तुमी बघितलं, तेवढं इसरा."

बन्सीधररावांनी मनातल्या मनात भागाकार केला. जाताना एक टाकी, येताना सासऱ्याची टाकी. म्हणजे निम्मा रस्ता फुकट. अठराचे निम्मे नऊ. नऊ! बारासुद्धा नाही. त्यांनी जीपकडे पाहिलं. ती बिचारी नाकासमोर बघत उभी होती, तिचा यात काहीच दोष नव्हता.

आता करायचं एवढंच होतं, जाऊन झोपायचं. पंच झोपलेला, नागेश झोपलेला. संध्याकाळी पंपावर परत अठरा येणार, नागेश जन्मात नाव काढणार नाही, टप शाबूत राहणार, आणि सासऱ्याचं पुण्यही राहणार. उलट सांगितलं तर जीप जाणार, सेलूत तोंड दाखवायला जागा उरणार नाही, आणि म्हाताऱ्याचं तीन वर्षांतून एकदा मिळणारं पुण्य आपल्यामुळे बुडणार ते वेगळंच. सगळा विचार करून ते बाजेवर जाऊन पडले. डोळे मिटले. आणि मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना काटा दिसला, काट्यावर उभी असलेली आपली जीप दिसली आणि काट्याच्या कडेला हळूच टेकवलेला एक पाय दिसला. पाय त्यांचाच होता. चप्पलही ओळखू आली.

ते उठले आणि दिनकररावांना हलवू लागले. दिनकरराव म्हणाले, "न्यूट्रल." आणखी हलवल्यावर उठून बसले. नागेशही उठला. गडबड ऐकून राजेश्रीबाई आणि चतुराबाई दारात आल्या. आणि सगळ्यांपुढे बन्सीधररावांनी सांगून टाकलं, की मामांनी प्रेमाने टाकी भरली होती, आजही भरली आहे, गाडी अठरा देत नाही, नऊ देते. "हे माप धरू नका," ते म्हणाले. "मी हरलो. नागेश, गाडी तुझी."

रंगनाथराव रिकामा कॅन घेऊन कोपऱ्यात उभे होते. "गेलं माझं पुण्य," एवढंच ते म्हणाले. दिनकररावांना वेगळंच दुःख होतं. "म्हणजे गोळ्यांनी काहीच झालं नाही?" त्यांनी दोनदा विचारलं.

नागेश मात्र विचारात पडला होता. त्याने जीपभोवती एक चक्कर मारली, मग उलटी चक्कर मारली. "नऊ," तो म्हणाला. "काका, वरात म्हणजे पावलापावलानं चालायचं. घरापासून मारुतीपर्यंत दोन-दोन तास. सडकंवर नऊ, तर वरातीत ही चार बी देत न्हाई. मी तर अठरा न्हाई तर चौदा तरी देईल म्हणून हिशेब मांडला हुता." त्याने टपावरचा हात काढून घेतला. "ठेवा तुमाला. तुमचा जीव हाय तिच्यात."

आता बन्सीधररावांनी सुटकेचा श्वास टाकायला पाहिजे होता. पण अपमान तो अपमान. आपली जीप, आणि बँडवाल्याने नको म्हणायचं? "ते काही नाही," ते तावातावाने म्हणाले, "मी जबान दिलीय. तुला न्यावीच लागेल."

"आवं काका, कामून गळ्यात घालायलाव?"

"शब्द म्हणजे शब्द. ने."

"मी न्हाई नेत."

दोघांचं हे चांगलं तापायच्या बेतात आलं तेव्हा राजेश्रीबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. पदराला हात पुसत त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग बापाकडे. "जीप कुठंही जायची नाही," त्या म्हणाल्या. "बाबांनी तिला धोंड्याचं वाण दिलंय. तिच्या पोटात आहे ते. जावयाला दिलेलं वाण कुणी विकतं का कधी?"

रंगनाथरावांनी मान वर केली. "न्हाई," ते म्हणाले. "तसं करत न्हाईत." चतुराबाईही म्हणाल्या, तसं करत नाहीत. दिनकररावांनी पंच म्हणून निकाल दिला की शास्त्राप्रमाणे तसं करता येत नाही. नागेश सगळ्यांत आधी मान हलवून बसला होता. बन्सीधररावांनी जीपची किल्ली परत खिशात टाकली. इतक्या माणसांपुढे हरताना त्यांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

परतताना उन्हं उतरली होती. मागे पंच आणि नागेश पुन्हा डुलक्या घेत होते. गाडीच्या आवाजावरून आवाज चढवून राजेश्रीबाई म्हणाल्या, "झोपू द्यायचं होतं ना दिनकररावांना. बिनबोभाट वाचली असती तुमची जीप."

"मला झोप येईना," बन्सीधरराव ओरडून म्हणाले.

"माहीत होतं मला. खिडकीतून बघत होते. चार वेळा कूस बदलली तुम्ही." आणि त्या खळखळून हसल्या. त्या जीपमध्ये त्यांना एवढ्या मोठ्याने हसताना बन्सीधररावांनी त्या दिवशीच पाहिलं. पुढे रस्त्याला कुणी हात केला तेव्हा राजेश्रीबाईंनीच गाडी थांबवायला लावली. मग आणखी दोघं आले, मग एक गवताचा भारा आला. नऊच तर द्यायची होती गाडी, त्यात भाऱ्याने काय फरक पडणार होता?

घरी आल्यावर भारेवाले उतरून गेले आणि बन्सीधरराव मागचं सामान काढायला लागले. अनारशांचा डबा काढला. त्यामागे गोणपाटाखाली काहीतरी कठीण लागलं. गोणपाट उचललं तर ट्रॅक्टरचा दुसरा कॅन, बूच घट्ट लावलेला, काठोकाठ भरलेला. म्हाताऱ्याने बुडालेलं पुण्य परत एकदा सुरुवातीपासून करायला घेतलं होतं. बन्सीधररावांनी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं. ती मागेच पाट घेऊन उभी होती.

"झाका ते," ती म्हणाली. "तुम्ही काही पाहिलं नाही. मीही नाही."

त्यांनी नीट झाकलं, वर चार अनारसे ठेवावेत असंही वाटलं, पण ते नाही ठेवले.

सकाळी काट्यावर कापसाची पहिली गाडी चढली. ड्रायव्हर परभणीकडचा होता, त्याने जीपची ख्याती ऐकली होती. खिडकीत वाकून त्याने विचारलं, "काका, ती बाहेर उभी हाय तीच ना जीप? किती देते?"

बन्सीधररावांनी एक वर्ष या प्रश्नाला "बघू" म्हटलं होतं आणि नंतर काही दिवस बरंच काही म्हटलं होतं. आता त्यांनी खुर्ची पुढे ओढली, काट्यावरचा आकडा बघितला, कडेला कुणाचा पाय नाही याची खात्री करून घेतली.

"नऊ देते," ते म्हणाले. "धोंड्याच्या महिन्यात अठरा."